मोहिते काका आणि पांढरं छत

मोहिते काका आमच्याकडे आले की आधी वर बघायचे. माणसं नंतर. दारात चपला काढतानाच त्यांची मान मागे जायची, डोळे बारीक व्हायचे, छताच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरायची, आणि मग "हां, माणसासारखं आहे," असं पुटपुटून ते खाली, म्हणजे आमच्या पातळीवर, यायचे. माझ्या जाऊबाईंनी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना वाटलं, वर पाल आहे. त्या सबंध वेळ डोक्यावर पदर घेऊन बसल्या. काका मात्र "जुन्या वळणाच्या आहेत हो, मर्यादशील," असं मत बनवून घरी गेले.

काका बघायचे ते इतकंच, की छत पांढरं आहे ना. गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीतली झाडून सगळी छतं त्यांना पाठ होती. कुणाचा मुलगा काय शिकतो, कुणाच्या घरात अबोला आहे, याचा त्यांना पत्ता नसायचा. पण कोपऱ्यावरच्या बंगल्याचं छत बदामी आहे आणि डॉक्टरीणबाईंनी छताला प्लॅस्टरचे गुलाब लावून वाटोळं केलंय, हे ते झोपेतही सांगू शकले असते. कुणाकडे रंगकाम निघालं की काका रंगाऱ्याच्याही आधी हजर. भिंती हव्या तशा रंगवा, पण छताला हात लावू नका, असं विनवून सांगायचे. एका गुजराती शेजाऱ्यांनी हौसेने आकाशी छत करून त्यावर चांदण्या काढल्या, तर काकांनी त्यांच्याकडे जाणंच सोडलं. "त्या घरात माणूस निळा पडतो," म्हणाले, जणू तिथे साप चावतात.

काकांचं यामागे तत्त्व होतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश माणसाच्या तोंडावर सरळ मारायचा नाही. "समोरून फ्लॅश मारणं म्हणजे ओळख ना पाळख, आणि थोबाडीत देणं." उजेडाला आधी छतावर पाठवायचं. तिथे तो आपटतो, पसरतो, त्याचा राग उतरतो, आणि मग तो माणसासारखा खाली येतो. नाकाची सावली गालावर पडत नाही, कपाळ तुपाने माखल्यासारखं चमकत नाही, मागच्या भिंतीवर काळं भूत उभं राहत नाही. त्यांचे पणजोबा संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते. ते धागेदोरे जुळवून काका म्हणायचे, "घोड्याच्या मागून जाऊ नये आणि माणसावर समोरून उजेड मारू नये. एवढं कळलं की निम्मं आयुष्य निभावतं." उरलेल्या निम्म्याचं काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तीस-एक वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे अर्धा गोल सांगून थांबायची त्यांना सवय असावी.

हे सगळं निरुपद्रवी वेड होतं. ते आमच्या घरात घुसलं ते कुमुदकाकूंच्या पासपोर्टमुळे.

काका-काकूंची मुलगी माधवी टोरांटोला होती आणि तिला दिवस गेले होते. ऐन थंडीत बाळंतपण येणार होतं. तिने दोघांनाही बोलावलं होतं, पण आदल्या वर्षी काकांच्या हृदयाने एक झटका देऊन ठेवला होता. लांबचा प्रवास आणि बर्फ, दोन्हींना डॉक्टरांनी साफ मनाई केली. तेव्हा काकूंनी एकट्यानं जायचं, सहा महिने राहायचं, आणि काकांनी इथे डब्यावर दिवस काढायचे असं ठरलं. काकूंनी डिंकाच्या लाडवांचा डिंकसुद्धा आणून ठेवला. मेथी निवडली. फक्त पासपोर्ट काढायचा बाकी होता, आणि पासपोर्टला लागतो फोटो. तिथे गाडी रुतली.

कारण फोटोत कुमुदकाकूंचे डोळे मिटायचे. एखाद्या फोटोत नाही, सगळ्याच. त्यांचा अल्बम मी पाहिला आहे. महाबळेश्वरला काकू दरीच्या काठावर उभ्या आहेत, डोळे मिटलेले. माधवीच्या बारशाला बाळ मांडीवर टक्क जागं आणि आई गाढ झोपेत. एका फोटोत त्या सत्यनारायणाचा प्रसाद वाटताहेत, डोळे मिटून, आणि शिरा बरोबर पुढच्या माणसाच्या ओंजळीत पडतोय. काकू स्वतःच अल्बम दाखवताना म्हणायच्या, "मी सगळं बघितलंय गं आयुष्यात. फक्त पुरावा नाही."

पासपोर्टच्या कचेरीला मात्र पुरावा हवा होता. म्हणून काका काकूंना घेऊन घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीतल्या एका स्टुडिओत गेले. फोटोवाल्याने एकदा काढला, दुसऱ्यांदा काढला, तिसऱ्यांदा काढला. तिन्हींत काकू समाधिस्थ. त्याने हात जोडले आणि सांगितलं, काका, आता देवाचं नाव घ्या.

काकांनी फ्लॅशचं नाव घेतलं. दोष कुमुदचा नाही, असं त्यांनी आमच्या बैठकीत बसून जाहीर केलं. थोबाडीत येताना दिसल्यावर कुणीही डोळे मिटेल. कुमुदचा फोटो आता ते स्वतः काढणार, मऊ उजेडात काढणार, आणि त्यासाठी कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा चांगला फ्लॅश घेणार. आमच्या ह्यांनी भाबडेपणाने सुचवलं की खिडकीशी बसवून दिवसाउजेडी काढून टाका की. काकांनी त्यांच्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. त्यांच्या खिडकीसमोर कडुनिंब आहे, त्याचा उजेड कमी आणि हिरवा. वर अगाशीवर, गच्चीत, काढावा, तर ऊन म्हणजे देवाने समोरून मारलेला फ्लॅश. थोडक्यात, फ्लॅशला पर्याय नव्हता.

मग फ्लॅशची निवड सुरू झाली. मुलीच्या लग्नाला त्यांनी जावई इतका पारखला नव्हता. न्यायमंदिराजवळ रमणीकभाईंचं कॅमेऱ्यांचं दुकान होतं, तिथे काकांच्या चकरा चालू झाल्या. एकदा मला खरेदीला त्याच बाजूला जायचं होतं म्हणून मी बरोबर गेले आणि तासभर अडकले.

पहिला फ्लॅश काकांनी हातात घेतला आणि त्याची मान वर करून बघितली. ती होईना. "हा अहंकारी आहे," म्हणून परत केला. दुसऱ्याची मान वर होत होती, पण बाजूला वळत नव्हती. त्यात काय बिघडलं, असं मी विचारलं. काकांनी सांगितलं की एकट्या माणसाचा फोटो काढताना कॅमेरा उभा धरावा लागतो. मग वर बघणारा हा फ्लॅश कपाटाकडे बघायला लागेल. मला ते पटलं, याचा मलाच राग आला. तिसऱ्याची मान सगळीकडे वळायची, पण तो अशक्त निघाला. उजेडाला छतापर्यंत जाऊन परत यायचं असतं, त्यात निम्मा जीव जातो, तेव्हा फ्लॅश मुळात दणकट हवा. चौथा दणकट होता, पण कॅमेऱ्यावर बसवल्यावर कॅमेरा मान टाकायला लागला. शिवाय एकदा चमकल्यावर पुन्हा तयार व्हायला त्याला फार वेळ लागायचा. काका तो कानाशी धरून त्याची बारीक शिट्टी ऐकत बसायचे, ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकाव्यात तसे.

शेवटी रमणीकभाईंचा धीर सुटला. "काका," ते म्हणाले, "तमे फ्लॅश लेवा आव्या छो के वहू जोवा?"

काका शांतपणे म्हणाले, "रमणीकभाई, सून बघताना लोक मान खाली घालणारी बघतात. मला वर करणारी हवी आहे."

श्रावणात सुरू झालेली ही निवड नवरात्र आलं तरी चालूच होती. टोरांटोहून फोन यायचे. माधवी विचारायची, आई, पासपोर्टचं कुठवर आलं? काकू सांगायच्या, तुझे बाबा अजून फ्लॅशचं घराणं बघतायत. मला मात्र त्या एकदा म्हणाल्या, "यांना फ्लॅश मिळेपर्यंत ते बाळ स्वतःच फोन करेल, आजी तू ये म्हणून." हसल्या, पण मेथी निवडायचा हात थांबला होता. पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकीट. दिवाळीपर्यंत फोटो झाला नाही तर बाळंतपण गाठणं कठीण होतं, हे त्यांनाही कळत होतं आणि आम्हालाही.

दसऱ्याच्या मुहूर्तावर फ्लॅश एकदाचा आला. आणि मग लक्षात आलं की काकांच्या स्वतःच्या घराचं छत पिस्त्याच्या रंगाचं आहे. काकूंनीच तो रंग निवडला होता. पहिल्या रोलमध्ये काकू कोथिंबिरीच्या वडीसारख्या दिसत होत्या, डोळे अर्थातच मिटलेले. मग काकांनी फ्लॅशच्या तोंडावर काय काय बांधलं! फरसाणच्या दुकानातला बटर पेपर बांधला; त्यावर फाफड्यांचं तेल होतं, त्यामुळे काकू सोनेरी आल्या. श्रीखंडाचा चक्का टांगायचं फडकं चार पदरी करून बांधलं. उजेड खरंच मऊ आला, पण फ्लॅशला आंबूस वास लागला तो गेला नाही. आणि रोल पूर्ण भरल्याशिवाय काका तो धुवायला देत नसत. "अर्धा रोल धुणं म्हणजे पानावरून मध्येच उठणं." तेव्हा काकूंचे चार फोटो काढून झाले की रोल संपेपर्यंत काका सोसायटीभर हिंडून बाकीचे फोटो काढत. पाण्याची टाकी, वॉचमनची सायकल, सेव-उसळच्या लारीवरची, म्हणजे हातगाडीवरची, गर्दी. माझा दळणाचा डबा धरलेला एक फोटो आहे. अप्रतिम आहे. उजेड काय पडलाय डब्यावर.

मधे, चातुर्मासातच काढीव मुहूर्त धरून, माझ्या भाच्याचं लग्न आलं. काकांनी ती संधी मानली. फोटो काढायला दुसरा माणूस ठरवलेला होता, तरी काका कॅमेरा घेऊन हजर झाले आणि कार्यालयात शिरताच वर बघून मटकन बसले. छताला जांभळं कापड ताणलेलं होतं. सगळी वऱ्हाडी मंडळी जांभळासारखी येणार. पण काका हरणारे नव्हते. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला, आणि काकांना साक्षात्कार झाला की सबंध कार्यालयात स्वच्छ, पांढरं, पातळ आणि ताणून धरलेलं एकच कापड आहे. त्यांनी फ्लॅश लांब वायरीला लावून आमच्या ह्यांच्या हातात दिला आणि त्यांना नवऱ्यामुलाच्या मागे उभं केलं. स्वतः कॅमेरा घेऊन नवरीच्या बाजूला सरकले. अजून दोन मंगलाष्टकं बाकी होती. काकांनी बटण दाबलं. अंतरपाट एकदम आतून पेटल्यासारखा उजळला, मागच्या रांगांना वाटलं झालं 'सावधान', आणि त्यांनी अक्षता टाकल्या. अक्षता पडलेल्या पाहून वाजंत्रीवाल्यांनी सनई सुरू केली. सनई ऐकून पंक्तीची मंडळी उठली. गुरुजी एकटे हात वर करून "अजून व्हायचंय, अजून व्हायचंय" म्हणत राहिले. भाचा रीतसर लग्न झालेला आहे की नाही, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत.

पण तो फोटो! ठरवलेल्या फोटोवाल्याच्या सबंध अल्बममध्ये तसा एक नव्हता. नवरीच्या चेहऱ्यावर दुधासारखा उजेड, आणि ओठांवर हसू फुटायच्या बेतात. डोळे टपोरे, उघडे.

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा आमच्याकडे नुकताच चुना झाला होता. छत असं पांढरं, की काका दारातच हात जोडते झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काकूंना घेऊन आले. काकूंनी जांभळ्या काठांची साडी नेसली होती, केस चापून बसवले होते. भिंतीशी खुर्ची मांडली. काकांनी फ्लॅशची मान छताकडे केली, कॅमेरा उभा धरला. मला काम नव्हतं म्हणून मी काकांच्या शेजारी उभी राहून त्यांना जे दिसतं ते बघत होते.

काकू समोर बघत होत्या. डोळे चांगले उघडे, शांत. मी मनात म्हटलं, दाबा. काकांनी दाबलं नाही. ते थांबले. मग हळूच म्हणाले, "हं." काकूंनी डोळे मिटले. छत उजळलं.

दुसरा फोटो. काकूंचे डोळे उघडे. काका थांबले. "हं." मिटले. उजळलं.

तिसऱ्या वेळी मी काकूंकडे बघितलंच नाही, काकांकडे बघितलं. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की माझ्या भाच्याच्या लग्नात हे गृहस्थ कुणालाही 'हं' म्हणाले नव्हते. माझ्या दळणाच्या डब्यालाही नाही.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. सबंध सोसायटीला कोडं पडलेलं, आणि उत्तर माझ्या हातात. काकू चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या, तशी मी काकांसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "काका, फ्लॅश निर्दोष सुटला. चोर तुमच्या तोंडात आहे. तुम्ही 'हं' म्हणता म्हणून त्या डोळे मिटतात. त्या स्टुडिओतही तुम्हीच मागे उभे राहून 'हं' म्हणाला असणार." मला वाटलं होतं, ते कपाळावर हात मारतील.

काकांनी फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला. सेल बाहेर काढले, पुन्हा आत घातले.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

लग्नानंतर पहिल्यांदा कमाटीबागेत फोटो काढला, तेव्हा फ्लॅश न सांगता चमकला आणि काकू इतक्या दचकल्या की हातातली पर्स तळ्यात पडली, असं काकांनी सांगितलं. त्या रडायला लागल्या होत्या. तेव्हा काकांनी शब्द दिला होता की पुन्हा कधी न सांगता उजेड मारणार नाही. आधी 'हं' म्हणेन, मग डोळे मिटून घे. तेव्हापासून ते म्हणत आले आणि त्या मिटत आल्या. फोटो बिघडतात ते यामुळेच, हे त्यांना फार पूर्वीच समजलं होतं. पण शब्द दिला होता, आणि अल्बमवाचून काही अडत नव्हतं.

"पण आता अडलंय ना, काका," मी म्हटलं. "तिकडे माधवी वाट बघतेय."

त्यांनी वर बघितलं. सवयीने नव्हे. बघायला दुसरी जागा नव्हती म्हणून.

"सहा महिने म्हणते ती," ते म्हणाले. "सहा महिन्यांनी बाळ रांगायला लागतं, सुलभा. रांगतं बाळ सोडून कोण परत येतं?"

आमचं स्वयंपाकघर बैठकीला लागूनच आहे आणि मध्ये दार नाही, हे मला तेव्हा आठवलं.

काकू चहा घेऊन आल्या. एक कप मला दिला, एक काकांच्या बाजूला स्टुलावर ठेवला, वर ताटली झाकली. मग त्या न सांगता पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या आणि पदर सारखा केला.

"या वेळी 'हं' नको म्हणू," त्या म्हणाल्या. माझ्यादेखत काकूंनी काकांना एकेरीत हाक मारली, ती तेवढी एकदाच. "दाब तू. मी बघतेय तुझ्याकडे."

काकांनी फ्लॅश पुन्हा बसवला. मान वर केली. शिट्टी वाजून थांबली, तरी ते उभेच. माझ्या चहावर साय धरायला लागली. काकू हलल्या नाहीत.

मग छत उजळलं.

तो फोटो जरा वाकडा आला आहे. काकूंचा उजवा खांदा कडेला कापला गेलाय, पण चेहरा पुरा आहे आणि डोळे, आयुष्यात पहिल्यांदा, सताड उघडे. पासपोर्टच्या कचेरीने तो चालवून घेतला. काकू पौषात गेल्या, बाळंतपणाच्या आधी पोहोचल्या. रमणीकभाईंनी दुकानात तो फोटो बघितला तेव्हा एवढा मऊ उजेड आणि असा वाकडा फोटो कसा, असं त्यांनी मला विचारलं. मी फोटो पिशवीत घातला. मी तर शेजारीच उभी होते. बटण दाबताना काकांचे दोन्ही डोळे गच्च मिटलेले होते.